टक्

वहीत नोंदी आहेत.
सकाळी सात: नऊ पूर्णांक दोन.
दुपारी एक: नऊ.
रात्री आठ दहा: एक पूर्णांक तीन,
आणि त्याच्यापुढे पेन्सिल दाबून पाडलेलं भोक.

चाळीस वर्षं पियानो लावत हिंडलो या बेटावर.
शाळांतले, चर्चमधले, ओल धरलेल्या दिवाणखान्यांतले,
हियुमात असा पियानो नसेल
ज्याचं पोट मी उघडून पाहिलं नाही.
माझं कामच ते: दोन तारांमधलं भांडण ऐकत बसणं,
मिटेपर्यंत.
आणि आता तांब्याच्या एका तारेपुढे हात टेकायचे?

कंपनीचा एक मुलगा असतो फोनवर, कास्पर.
राऊटर बंद करा, तीस मोजा, चालू करा.
मोजले. मी सावकाश मोजतो.
मागचे पाढे पंचावन्न.
वायफायवर नको, केबल लावून मोजा.
लावली. दीड.
फिल्टर बदला.
बदलला.
भिंतीतल्या मुख्य खोक्यालाच थेट जोडा.
स्क्रूड्रायव्हर दातांत धरून गुडघ्यांवर बसलो,
उठताना कपाटाचा आधार घेतला,
कपाटावरचा फुलांचा कुंडा गेला.
एक पूर्णांक चार.

"मग घरातलं नाही," कास्पर म्हणाला.
आणि जरा थांबून, कागदावर नसलेलं काहीतरी:
"मिडियम वेव्हचा जुना रेडिओ आहे? माझे आजोबा करायचे.
स्टेशन नसेल तिथे काटा ठेवा
आणि चालत सुटा.
आवाज वाढेल तिकडे चोर."

सप्टेंबर. आठ वाजून गेलेले.
रेडिओ पोटाशी धरून मी जुनिपरच्या झुडपांतून,
दगडी बांधावरून,
कुणी पाहिलं असतं तर म्हातारा गेला म्हणाले असते.
टक्.
टक्.
मिनिटाला अठ्ठेचाळीस, घड्याळ न बघता सांगतो.
विहिरीपाशी बारीक. फाटकापाशी मोठा.
लेइदाच्या बटाट्यांपाशी तर खिळा ठोकल्यासारखा.
कुंपणाची विजेची तार
भिजल्या खाजकुइलीत लोळत होती
आणि दर टक्‌ला पानाआड
एक निळा ठिपका.

"डुक्कर आलं का?" अंधारातून टॉर्च.
"नाही. मी आहे."
"मग बरोबरच आहे," लेइदा म्हणाली,
आणि कोयता आणायला गेली.
रानडुकरांसाठी आठला चालू करते म्हणे, रोज, न चुकता.
तिनं कापलं, मी ओढलं.
चिनी मातीचं एक बोंड तडकलं होतं,
त्याच्या जागी पाण्याच्या नळीचा वीतभर तुकडा.
हातांची आग तिच्या ताकानंही थांबली नाही.
पण रेडिओत आता नुसती खसखस होती,
दूरवर वाळू सरकावी तशी.

आठ पन्नास: नऊ पूर्णांक चार.
पुन्हा. नऊ पूर्णांक चार.
पुन्हा.

रविवारी मारिकाचा फोन, कॅलगरीहून.
इतकी वर्षं ती अर्ध्या वाक्यात गोठायची,
तोंड जरा उघडं, एक डोळा मिटलेला.
मी म्हणायचो, लाइन खराब.
ती म्हणायची, हो, लाइनच.
मग दोघेही हवापाणी बोलून ठेवून द्यायचो.

आज तिच्या भुवईवरचा व्रणसुद्धा दिसतो,
सहाव्या वर्षी झोपाळ्यावरून पडली तेव्हाचा.
मागची भिंत दिसते.
भिंतीवर कोटांचे हूक, चार.
एकावर तिचा.
पुरुषाचा तो करडा कोट कुठे, ते मी विचारलं नाही.
पण मी तिकडे पाहिलं,
आणि मी पाहिलं ते तिनं पाहिलं.

मग कोणीच काही बोललं नाही.
मनातल्या मनात मोजत होतो, जुन्या सवयीनं,
कुंपणाच्याच लयीत:
सात, आठ, नऊ.

"लाइन गेली का?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हणालो.
"आहे."